सोळा नंबर

उस्तादांनी जेट चिमटीत धरला, एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्याशी नेऊन खिडकीकडे बघितलं. जेट म्हणजे पितळेचा वाटाण्याएवढा तुकडा. त्याच्या पोटात आरपार एक भोक असतं आणि कार्ब्युरेटरमधून इंजिनाला किती पेट्रोल मिळायचं हे ते भोक ठरवतं. त्या भोकातून त्यांना खिडकीच्या आतलं शिलाई मशीन दिसलं, मशीनखाली सरकणारं गडद निळं कापड दिसलं आणि कापडावर टेकलेली बायकोची दोन बोटं दिसली.

“लख्ख आहे,” ते म्हणाले, आणि त्यांना रागच आला.

कचरा सापडला असता तर बरं झालं असतं. कचऱ्याला उपाय असतो. फुंकर मारायची, पेट्रोलनं धुवायचं, की झालं. पण जो स्वच्छ असूनही छळतो त्याचं काय करायचं, हा प्रश्न उस्तादांना माणसांच्या बाबतीतही कधी सुटला नव्हता.

मागच्या अंगणात जुन्या चादरीवर त्यांनी कार्ब्युरेटर सुटा करून मांडला होता. शेजारी गाडी उभी होती. टाकीचा रंग मांडीच्या घासण्यानं दोन्ही बाजूंना पातळ झाला होता, आणि दोन्ही आरसे वेगवेगळ्या गाड्यांचे होते.

गल्लीतले सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. ही पदवी कुणी दिली हे कुणालाच आठवत नव्हतं. बहुधा त्यांनी स्वतःच घेतली असावी. पण ती त्यांना शोभायची. सगळं आयुष्य त्यांनी कार्ब्युरेटर दुरुस्त करण्यात घालवलं होतं. गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबायच्या आधीच नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, हिला हवा जास्त होतेय, हिचा फ्लोट अडकलाय, हिच्या मालकाला क्लच सोडता येत नाही. चूक होऊ शकते हे त्यांना मान्य होतं. फक्त ती इतरांकडून होते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मग नव्या गाड्या आल्या आणि त्यांत कार्ब्युरेटरच नव्हता. उस्तादांनी मुकाट्यानं गॅरेजला कुलूप लावलं आणि घरी येऊन बसले. आता त्यांच्याकडे एकच रोगी उरला होता, तोही घरचा, आणि नेमका तोच दाद देत नव्हता.

रोग असा होता. गल्लीबोळांतून गाडी झकास चालायची. बाजारात न्या, दवाखान्यात न्या, तक्रार नाही. पण मोठ्या रस्त्याला लागून ॲक्सिलरेटर जरा पिळला की थोडं अंतर जाऊन गचके द्यायची, खोकायची आणि मान टाकायची. कुणीही जाणकार म्हणाला असता की वेग वाढल्यावर पेट्रोल कमी पडतंय, जेट बघा. उस्तादांनी जेट बघितला. फ्लोट बघितला, पेट्रोलच्या कॉकची जाळी धुतली, नळी बदलली. दर वेळी रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायची, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना बघायचं, कार्ब्युरेटर खोलून साफ करायचा, की पहिल्या किकला गाडी सुरू. उस्ताद मिशीतल्या मिशीत हसायचे. आणि पुढच्या वळणाच्या आत गाडी पुन्हा बंद.

एरवी त्यांनी आणखी काही दिवस झुंज दिली असती. पण उद्या रविवार होता. डोंगरापलीकडे धाकट्या भावानं घर बांधलं होतं आणि रविवारी दोघांना जेवायला बोलावलं होतं. “दादा, तुम्ही बसनंच या,” तो फोनवर म्हणाला होता, “मी स्टँडवर घ्यायला येतो.” हे ‘घ्यायला येतो’ उस्तादांच्या जिव्हारी लागलं. ज्या भावाला त्यांनी याच गाडीच्या टाकीवर बसवून शाळेत सोडलं होतं, तो आता त्यांना सामानासारखा उतरवून घेणार होता. “मी गाडीवर येतो. ही येईल बसनं,” ते म्हणाले. वर शेजारच्या पोस्टमनसमोर असंही बोलून बसले, की या कार्ब्युरेटरनं मला हरवलं तर सोमवारी गाडी भंगारात देईन.

हे ते चेष्टेत बोलले नव्हते. अंगणात उभी राहून धूळ खाणारी गाडी रोज बघणं त्यांना जमलं नसतं. ती चालत होती तोवर ते उस्ताद होते. ती गेली की खांदा दुखणारा एक म्हातारा मागे उरणार, हे त्यांना पक्कं कळत होतं आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

खांद्याचं दुखणं गेल्या वर्षीचं. मोठ्या रस्त्याच्या एका वळणावर वाळू सांडली होती आणि उस्ताद वेगात होते. हाड जुळायला बरेच महिने गेले. त्या सगळ्या काळात बायकोनं गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. ती मुळातच कमी बोलायची. लोकांची मापं घ्यायची, साबणाच्या वाळक्या चकतीनं कापडावर खुणा करायची, कात्री चालवायची आणि मशीनवर बसायची. अपघाताचं ती विसरून गेली असं उस्ताद धरून चालले होते.

“आज कुठं मान टाकली?” कुंपणाच्या भिंतीवरून पोस्टमननी विचारलं. आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटून ते निवृत्त झाले होते, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूचं अपयश त्यांना मनापासून आवडायचं.

“अजून बाहेर काढलीच नाही.”

“हे बरंय. घरच्या घरी बंद पडली म्हणजे ढकलायला नको.”

“तू फक्त बघत राहा.”

“बघतोच आहे कधीचा. त्या चौकातल्या गॅरेजला दाखव की एकदा.”

“त्याला पार्ट बदलता येतात. रोग ओळखता येत नाही.”

“आणि तुला?”

उस्तादांनी जेट जागेवर बसवला, फ्लोट बसवला, तळाचे स्क्रू आवळले. ही कामं त्यांची बोटं आपापली करायची. मग त्यांनी ठरवलं की आज मोठ्या रस्त्यावर जायचंच नाही. रोग्याला गावभर मिरवण्यापेक्षा इथंच तपासायचं. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी झालं. किक मारली, गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर पिळून तसाच धरून ठेवला.

चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं. अंगणभर धूर झाला, दोरीवर वाळत घातलेले कपडे काळवंडतात की काय असं वाटलं. पोस्टमननी नाकाला रुमाल लावला.

“भंगारवाला आला की मला हाक मार,” ते ओरडून म्हणाले आणि घरात गेले.

उस्ताद हलले नाहीत. कान इंजिनाकडे लावून, खांद्याकडे दुर्लक्ष करून ते मूठ पिळून उभे राहिले. गाडी गात होती. मग आवाज किंचित पातळ झाला, एक गचका आला, दुसरा आला, आणि गाडी बंद पडली. अंगणात एकदम शांतता पसरली. खिडकीच्या आतलं मशीनही थांबलं होतं.

सवयीनं त्यांचा हात टाकीच्या झाकणाकडे गेला. पेट्रोल आहे ना बघावं म्हणून त्यांनी झाकण फिरवलं, आणि टाकीनं एक लांबलचक श्वास आत घेतला. स्स्स.

मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या गोंगाटात हा आवाज त्यांना कधीच ऐकू आला नव्हता. आता त्यांनी झाकण परत लावलं आणि किक मारली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. कार्ब्युरेटरला त्यांनी बोटही लावलेलं नव्हतं.

त्यांनी गाडी बंद केली आणि पायरीवर बसले. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही तर टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहतं. हे त्यांनी किती जणांना शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होते. रस्त्याच्या कडेला दर वेळी त्यांनी आधी झाकण उघडलं होतं आणि मग कार्ब्युरेटर साफ केला होता. गाडी सुरू झाली ती झाकण उघडल्यामुळे. श्रेय त्यांनी कार्ब्युरेटरच्या सफाईला, म्हणजे स्वतःला दिलं होतं.

झाकण उलटं केल्यावर भोकाच्या जागी काहीतरी गुलाबी दिसलं. नखानं खरवडल्यावर त्याची बारीक साल निघाली. त्यांनी ती नाकाशी नेली. साबण.

असा वाळका गुलाबी साबण त्यांच्या घरात एकाच माणसाच्या डब्यात असायचा. गडद कापडावर त्याच्या खुणा चांगल्या उठतात.

राग आला. चांगला तळपायापासून आला आणि मस्तकापर्यंत गेला. लोकांसमोर शोभा झाली, भर उन्हात गाडी ढकलली, भंगाराची भाषा केली, आणि पाणी मुरत होतं ते आपल्याच घरात. उस्ताद उठले. पण उठता उठता जुन्या सवयीनं त्यांनी झाकण उजेडासमोर धरलं आणि एक डोळा मिटला.

साबणाच्या बरोब्बर मधोमध एक भोक होतं. गोल, सरळ, काठ अजिबात न मोडलेलं. चुकून पडलेलं नव्हतं. ज्यानं पाडलं त्याचा हात थरथरलेला नव्हता. गल्लीबोळांतून जाण्याइतकी हवा त्यातून येत होती. मोठ्या रस्त्यावर पळण्याइतकी येत नव्हती. उस्ताद बराच वेळ त्या भोकातून बघत राहिले. त्यांच्या गाडीला कुणीतरी जेट बसवला होता, आणि नंबर अगदी विचार करून निवडला होता.

ते आत गेले तेव्हा बायको मशीनपाशी नुसतीच बसली होती. पाय पायडलवर होता, पण हलत नव्हता. उस्तादांनी झाकण उलटं करून तिच्यासमोर कापडावर ठेवलं. तिनं झाकणाकडे बघितलं आणि त्याच्याखालचं कापड हळूच ओढून घेतलं.

“डाग पडेल,” ती म्हणाली.

“हे तू केलंस.”

“हो.”

इतक्या सरळ उत्तराची त्यांनी तयारी केली नव्हती. अंगणातून आत येईतो जुळवलेली सगळी वाक्यं नकार गृहीत धरून होती.

“कुठं शिकलीस?”

“तुमच्याकडेच. मागं टाकी गळत होती तेव्हा तुम्ही साबण चोळला होतात. म्हणालात, पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. आणि झाकणाला भोक कशाला असतं ते लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतंत. तेव्हा तुम्ही गाडीशिवाय दुसरं काही बोलतच नव्हता.”

“मोठ्या रस्त्यावर जाऊ नका असं सांगायचं ना मला.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

उस्तादांनी प्रामाणिकपणे विचार केला.

“नसतं.”

“मग.”

तिनं मशीनवरचा दोरा तोडला. तोडायची काही गरज नव्हती.

“तुम्ही पडलात त्या दिवशी तुमच्या नंबरावरून फोन आला,” ती म्हणाली. “मला वाटलं तुम्हीच. उचलल्या उचलल्या मी म्हटलं, येताना काळ्या दोऱ्याचं रीळ आणा. तर पलीकडून दुसराच माणूस बोलला. म्हणाला, बाई, हे तुमचे कोण? माझ्या तोंडातून शब्द फुटेना. अजून तुमचा फोन आला की तुमचा आवाज ऐकेपर्यंत माझ्यानं बोलवत नाही.”

हे उस्तादांना ठाऊक होतं. म्हणजे हल्ली फोन केला की पलीकडून काहीच ऐकू येत नाही, ‘अगं, मी बोलतोय’ म्हटल्यावरच ती बोलते, एवढं ठाऊक होतं. फोनमध्ये कचरा गेला असेल म्हणून त्यांनी तो एकदा ब्रशनं साफही केला होता.

त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. राग शोधावा म्हटलं तरी कुठं सापडेना. उरली होती ती लाज, आणि लाजेखाली, सांगू नये पण होतं, थोडं कौतुक.

“आणि भोक?” त्यांनी विचारलं.

“आधी सगळंच बंद केलं होतं. तर तुम्ही बेकरीपर्यंतही पोचला नाहीत. परत परत बंद पडली, शेवटी दुखऱ्या खांद्यानं ढकलत आणलीत. या पायरीवर बसलात तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मला माझीच चीड आली. गाडी तोडायची नव्हती मला. बाजारात जा, मित्रांकडे जा, तुमचं तेवढं असू दे. मग सुई घातली.”

“एकदम बरोबर नंबर लागला?”

“नाही. आधी बारा नंबरची घातली, तर तुम्ही दवाखान्याच्या चढावर अडकलात. मग चौदा.”

उस्तादांनी मान डोलावली. जेट असाच लावतात. बारकापासून सुरुवात करायची, गाडी चालवून बघायची, मग एकेक नंबर वर जायचं. घाई करणारे आधीच मोठा घालतात आणि इंजिनाची वाट लावतात. गॅरेजमध्ये हा धीर त्यांना फार थोड्या लोकांत दिसला होता.

“तुला भीती नाही वाटली? मी सोमवारी गाडी विकणार म्हणालो तेव्हा?”

“वाटली ना,” ती म्हणाली. “रात्रीतून साबण काढून टाकावा असं वाटलं. पण उद्याच तुम्ही डोंगरात जाणार. मग परत वाटलं, नको. भंगारात गेलेली परवडली. पण खरं सांगायचं तर ती गेल्यावर तुम्ही कसे दिसाल ते मला बघवलं नसतं.”

अंगणातल्या तापलेल्या इंजिनाची टिकटिक आतपर्यंत ऐकू येत होती. उस्तादांनी झाकण उचललं, अंगठ्यानं पुसलं आणि पुन्हा खाली ठेवलं. या वेळी कापडापासून लांब.

“सोळा आहे?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“सोळा नंबरची सुई. डब्यात आहे का?”

“कशाला?”

“चौदावर बाजार होतो. डोंगर होणार नाही, पहिल्याच चढाला मरेल. सोळावर आरामात चढेल. पळणार नाही, पण चढेल.”

“आणि पळवली तर?”

“तर बंद पडेल.”

“नक्की?”

“मी सांगतोय ना.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. माप घेताना गिऱ्हाइकाकडे बघायची तसं, हा माणूस पोट आत ओढून उभा आहे की काय, असं. मग तिनं सुयांचा डबा उघडला, बोटानं सुया बाजूला करत एक उचलली, खिडकीसमोर धरून बघितली आणि डबा बंद केला.

“अठरा मिळणार नाही,” ती म्हणाली.

“मागितली का मी?”

“आधीच सांगून ठेवते.”

झाकण उस्तादांनी दोन्ही हातांनी धरलं. तिनं सुई भोकावर टेकवली आणि न दाबता, बोटांच्या पेरांत फिरवत हळूहळू आत नेली. साबणाचा एवढासा भुगा पडला, तो उस्तादांनी फुंकरीनं उडवला. मग त्यांनी झाकण उजेडात धरलं, एक डोळा मिटला. झाकण तिच्या हातात दिलं. तिनंही एक डोळा मिटला.

“मागे कुणी बसलं तर गाडी आणखीच हळू जाईल,” उस्ताद अंगणाकडे बघत म्हणाले. “बसचं तिकीटही वाचेल.”

“वजनाचं काढू नका.”

“मी कुठं काढलं?”

“ऐकू येतं मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गल्लीत उभी राहिली तेव्हा पोस्टमन दारातच होते. इतके दिवस मेहनतीनं जपलेला त्यांचा आनंद गाडीच्या एकसारख्या आवाजानं उतरत चालला होता. त्यात उस्तादांच्या मागे उस्तादांची बायको बसलेली बघून ते दोन पायऱ्या खाली आले. वर्षभरात ती त्या गाडीवर बसलेली कुणी बघितली नव्हती.

“डोंगर चढणार ही?” त्यांनी विचारलं.

“चढेल. सावकाश.”

“तू आणि सावकाश?” पोस्टमन वाकून इंजिनाकडे बघायला लागले, जसं काही त्यांना त्यातलं कळत होतं. “सापडलं तरी काय शेवटी?”

“जेट,” उस्ताद म्हणाले. “नंबर चुकला होता.”

“म्हणजे तू म्हणत होतास तेच.”

“मी कधी चुकलोय का?”

“आणि तो चुकीचा नंबर बसवला होता कुणी?”

उस्तादांनी टाकीच्या झाकणावर तळहात ठेवला आणि ते घट्ट आहे ना ते बघितलं.

“बसवणाऱ्याचा हात चांगला आहे,” ते म्हणाले. “नंबर तेवढा एक बारीक होता.”

मागून त्यांच्या पाठीत, दुखऱ्या खांद्याची बाजू सोडून, एक बोट टोचलं. उस्तादांनी गिअर टाकला आणि गाडी हळू गल्लीबाहेर काढली.